यादीत नसलेली नळी

मी एक जुनी रबरी नळी आहे. हसा मित्रांनो, खुशाल हसा. नळी ती काय आणि तिची कहाणी ती काय! पण जरा बसा. माझं वय झालंय, मी फार लांबण लावत नाही. मुळात माझी लांबीच दीड वीत. तिथंच तर सगळा घोळ झाला.

एका जुन्या डोंगरी जीपच्या पोटाखाली मी नऊ वर्षं काढली. माझं वरचं टोक गाडीच्या सांगाड्याला आवळलेलं, खालचं टोक मागच्या एक्सलला. एक्सल म्हणजे तो जाड दांडा, ज्याच्या दोन टोकांना मागची दोन चाकं बसतात. खड्डा आला की चाकं वरखाली नाचायची, सांगाडा आपला ठेक्यात चालायचा, आणि मधे मी. सासू-सुनेच्या मधे घरातला मुलगा असतो ना, तशी. दोन्हीकडून ओढ, आणि तोंडातून थेंब सांडायची सोय नाही.

माझ्या पोटातून ब्रेकचं तेल जायचं. वर पेडलवर पाय पडला की खाली माझी छाती फुगायची आणि चाकं जागच्या जागी धरली जायची. नव्या गाड्यांत म्हणे तेलाला दोन वाटा असतात, एक गेली तर दुसरी तारते. आमच्या जीपला तसली चैन नव्हती. चार चाकांना मिळून वाट एकच. मी फुटले की चारही चाकं मोकळी. आता सांगा, काळजी करायची नाही तर काय करायचं?

जन्म माझा कारखान्यातला. आत रबर, त्यावर सुताची वीण, पुन्हा रबर, पुन्हा वीण, वर काळा अंगरखा. मग एका बाईने मला यंत्रावर लावून दाब सोडला. म्हणाली, "फुटायचं तर आत्ताच फूट गं बये, नंतर नको." मी नाही फुटले. तिने माझ्या अंगाला पिवळा ठिपका लावला. जन्मात मिळालेलं बक्षीस म्हणाल तर तेवढंच.

मला गाडीला लावलं ते अर्धा इंच मिस्त्रींनी. खरं नाव काही असेल, कुणी विचारत नाही. काहीही मोजायला द्या, ते पट्टी लावणार, चष्मा कपाळावर ढकलणार आणि म्हणणार, "अर्धा इंच कमी आहे." हात मात्र सोन्याचा.

आमची मालकीण जनावरांची डॉक्टर. बाई बुटकी, सीटवर उशी घेऊन बसायची तेव्हा कुठे रस्ता दिसायचा. दर बुधवारी तिची डोंगरापलीकडच्या पाड्यांवर फेरी. उतारावर अकरा वळणं. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काही नाही. काही नाही म्हणजे खरंच काही नाही. आणि उताराच्या पायथ्याला नदीचं पात्र, नुसते गोटे.

एकदा नवव्या वळणावर रस्त्याच्या मधोमध म्हैस उभी. बाईंनी ब्रेकवर सगळं वजन टाकलं. माझ्या अंगात असा दाब आला की पिवळा ठिपका आठवला. गाडी म्हशीच्या शिंगांपासून हातभरावर थांबली. बाईंनी खोल श्वास घेतला, स्टिअरिंगवर थाप मारली आणि म्हणाल्या, "शाबास गं माझी राणी!"

स्टिअरिंगला शाबासकी! त्याने काय केलं होतं? नुसतं गोल बसलं होतं.

असो. मी मनाला लावून नाही घेतलं. पण वर्षं जात होती. चिखल बसायचा, वाळायचा, पुन्हा बसायचा. खालच्या टोकाशी मला बारीक भेगा पडायला लागल्या, केसाएवढ्या. गाडी धुणारे वरून चकचकीत धुवायचे. खाली वाकून बघतो कोण?

मग एका साली नदीने पात्रात मोठे धोंडे आणून टाकले. जीपचं पोट घासायला लागलं. एका बुधवारी ती धोंड्यावर अशी बसली की चारही चाकं हवेत फिरली. लोक जमून ओढेस्तोवर दुपार कलली, आणि पलीकडे अडलेली गाय तोवर गेली, पोटातल्या वासरासकट. दुसऱ्या दिवशी बाईंनी गाडी थेट गॅरेजात आणली. म्हणाल्या, "मिस्त्री, हिला उंच करा. पोट घासता कामा नये."

सोबत त्यांचा धाकटा भाऊ. त्याच्या फोनमध्ये उंच उंच गाड्यांचे फोटो, आणि प्रत्येक फोटोवर त्याचं मत.

"ताई, चार इंच. चाराच्या खाली बोलायचंच नाही!"

"चार इंच केलीस तर मला चढायला शिडी लागेल. तू धरणार आहेस शिडी?"

"पायरी लावू की."

"तुझ्या अकलेला लाव आधी."

मिस्त्री उलट्या डब्यावर बसून चहा ओतत होते. म्हणाले, "चार इंच केली तर वळणावर डुलेल. डोक्यावर तीन घागरी घेतलेल्या बाईसारखी. दोन इंच बास."

"फोटोत तर—"

"फोटोतली गाडी वळत नाही, बाळा."

मग तिघं मिळून सामान निवडायला बसली. मी गाडीखालून सगळं ऐकत होते, आणि मित्रांनो, माझा जीव टांगणीला. गाडीचं वजन ज्यांच्यावर तोलतं ते वाकलेले लोखंडी पाटे, त्यांच्यापासून सुरुवात. भाऊ म्हणाला, "जुन्याच पाट्यांत एकेक जाड पाटा घालू." मिस्त्री म्हणाले, "थकलेल्या चार म्हाताऱ्यांच्या खांद्यावर पैलवान बसवतोस? म्हातारे मोडतील." भाऊ म्हणाला, "मग पाट्याखाली ठोकळा." मिस्त्री म्हणाले, "ठोकळा सरकला तर तुझ्या ताईला मी काय सांगू?" शेवटी नवे, जास्त बाकाचे पाटे ठरले. ते किती कडक घ्यायचे यावर पुन्हा वाद. बाईंनी विचारलं, "मागे पेटी, दोरखंड, पाण्याचे दोन कॅन. एवढंच ओझं असतं माझं. कडक घेतले तर औषधाच्या बाटल्या टिकतील का?" मिस्त्रींनी मान हलवली. "मधले घेऊ. दोन इंच." मग भावाचं पडलेलं तोंड बघून म्हणाले, "बरं, अडीच."

"आला, अर्धा इंच आला!" बाई पहिल्यांदा हसल्या.

मग शॉकअप. म्हणजे पाट्यांचा धक्का जिरवणारं नळकांडं. भाऊ म्हणाला, "लांबातला लांब घेऊ. चाक खाली जास्त लोंबेल, दगडांत पकड सुटणार नाही." मिस्त्री म्हणाले, "हे मात्र बरोबर बोललास." भावाची छाती फुगली.

माझी मात्र दातखीळ बसली. का ते सांगते. चाक खड्ड्यात लोंबलं की आधी जुना शॉकअप ताठ व्हायचा. "बास, यापुढे नाही," असं तो एक्सलला सांगायचा. त्याच्या आखूडपणामुळे मी वाचत होते. आता गाडी वर जाणार, शॉकअप लांब येणार, एक्सल खाली लोंबणार. म्हणजे पहिली ताठ कोण होणार? मी. आणि मी काय लोखंड आहे?

भावाने खोक्याच्या पुठ्ठ्यावर यादी केली आणि मोठ्याने वाचली. "पाटे, चार संच. यू बोल्ट, आठ. रबरी बुश. शॉकअप, चार. पाट्यांचे मधले बोल्ट." शाळेत हजेरी चालू असते आणि आपलं नाव येतच नाही, तसं मला झालं. आता येईल. पुढचं माझंच. पुढच्या चाकांपाशी माझ्या दोन बहिणी, त्याही कान देऊन होत्या.

"झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

"झालं."

झालं म्हणे.

काम तीन दिवस चाललं. मिस्त्रींनी एक्सलखाली लोखंडी घोड्यांचा टेकू लावून सगळं बसवलं. गाडी जमिनीवर उतरवली. ऐटीत दिसत होती, खोटं कशाला बोलू. मिस्त्री वाकले, बॅटरी मारली, उजेड थेट माझ्यावर! बोटाने मला हलवलं आणि म्हणाले, "आहे, ढील आहे बोटभर." गेले. अहो मिस्त्री, ढील आहे ती गाडी उभी असताना! लोंबल्यावर कुठली ढील? पण नळीला तोंडं दोन असून बोलता येत नाही.

बुधवार उजाडला. बाई पेटी घेऊन आल्या. भाऊ चावी फिरवत उभा. माझ्या खालच्या टोकाशी एक थेंब जमला होता. मी मुद्दाम नाही हो केला, तेवढी अक्कल मला नाही. तो जमला, लोंबला आणि टपकन फरशीवर पडला. मला वाटलं, बघितला, आता बघितला!

भावाने चपलेने पुसून टाकला. "जुनी गाडी आहे, टिपकायचीच."

त्या क्षणी मला अकरा वळणं दिसली. उशीवर बसलेली ती बुटकी बाई दिसली. शेवटच्या वळणापाशी चर आहे, तिथे मागचं चाक खाली जातं, आणि पाय तेव्हा ब्रेकवरच असतो.

बाईंनी पेटी मागे ठेवली. दार उघडलं. आणि पुन्हा लावलं. "अरे, जरा चालवून दाखव अंगणात. बघू दे मला."

भावाने एक चक्कर मारली. बाई बघत होत्या, गोठ्यात नवं जनावर बघतात तशा, मान तिरकी करून. गाडी थांबली तशा म्हणाल्या, "मिस्त्री, हिचा मागचा पाय उचला."

"काय?"

"उभं जनावर लंगडं आहे का ते कळत नाही. चारही पायांवर टेकून बेमालूम उभं राहतं. पाय उचलून लोंबता धरला की दुखणं दिसतं. मागची बाजू उचला. चाकं लोंबू देत."

मिस्त्री हसले. "डॉक्टरबाई, ही गाय नाही."

"नदीत चाक लोंबतंच ना?"

मिस्त्री हसायचे थांबले. त्यांनी जॅक घेतला. एक्सलखाली नाही, सांगाड्याखाली लावला. एकेक दांडा मारत गेले. सांगाडा वर निघाला, चाकं जडपणाने खाली राहिली. माझी ढील गेली. मी सरळ झाले. मग ताणले. मग आतली वीण करकरली. खालच्या टोकाच्या भेगा उघडल्या, चिमणीच्या पिल्लाने चोच उघडावी तशा. एक थेंब. दुसरा. मग धार लागली.

"थांबवा!" बाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांचा हात माझ्याखाली, बोटं तेलाने ओली.

भावाने चावी खिशात ठेवली, मग काढून बाईंच्या हातात दिली. म्हणाला, "ताई, तो थेंब मी बघितला होता. पुसला मी."

मिस्त्रींनी चष्मा काढला. "ढील मी बघितली होती. उभ्या गाडीत बघितली. तीस वर्षं हात काळे केले आणि..."

"पाड्यांवर आज मी फोनवर सांगते काय करायचं ते," बाई म्हणाल्या. "उद्या जाऊ. पण आज हिला लोंबतीच ठेवा आणि खालून एकेक गोष्ट बघा. मीही बसते इथेच."

मला काय वाटलं विचाराल तर दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक, बाई वाचली. दुसरी, मी संपले. नऊ वर्षं म्हणत होते, कुणीतरी बघा, कुणीतरी बघा. बघितलं आणि दुसऱ्या मिनिटाला पाना लागला. असंच असतं बहुतेक.

भाऊ स्वतः जाऊन तीन लांब नळ्या घेऊन आला. मिस्त्रींनी चाकं पूर्ण लोंबवून मापं घेतली, वर बोटभर जास्त ठेवलं. मग चाकं पूर्ण वर दाबून बघितलं, टायरला घासत नाही ना. नळ्यांतली हवा काढायला भाऊ पेडलवर पाय ठेवून बसला, मिस्त्री खालून सांगत होते. "मार... मार... धरून ठेव!" बुडबुडे संपून तेलाची नितळ धार आली. आयुष्यभर मी हेच ऐकत आले होते. आता बाकड्यावरून ऐकलं.

मिस्त्रींनी मला उचललं, भंगाराच्या पिंपावर धरलं. आणि हात तसाच राहिला. त्यांनी मला पुसलं. अंगठ्याखाली तो पिवळा ठिपका निघाला, फिकट, पण होता. मग बाकड्यावरच्या भिंतीत खिळा ठोकला आणि मला टांगलं.

आता कुणी गाडी उंच करायला आलं, फोटो दाखवायला लागलं, की मिस्त्री मला काढून त्याच्या हातात देतात. "पाटे नंतर. आधी हिला बघा." मग गाडी लोंबवतात, आणि मगच पुठ्ठ्यावर यादी. यादीत पहिली ओळ माझ्या जातीची.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कशाला ना कशाला उंच कराल. करा, जरूर करा. पण एकदा वाकून बघा, मधे कोण ताणलं जातंय ते. आणि उभ्यानं बघू नका, लोंबवून बघा.

माझी काळजी काही गेलेली नाही. बुधवारी बाई उतरून जातात आणि माझा जीव खिळ्यावर घुटमळत राहतो. संध्याकाळी गॅरेजवरून जाताना त्या दोनदा हॉर्न देतात. मिस्त्रींसाठी देतात, मला माहीत आहे. पण तो ऐकला की मी सैल पडते.

आज बुधवार आहे. अजून हॉर्न आलेला नाही. जरा गप्प बसा बघू, मला ऐकू दे.