भिंतीबरोबर झुकलेला दरवाजा

मित्रांनो, घर नव्या माणसांच्या हाती गेले की जुन्या वस्तूंना तेथे सहसा थारा मिळत नाही. मला मिळाला. मी एका बैठ्या घराच्या मागच्या कोपऱ्यातील खोलीचा, अंगणात उघडणारा जुना लाकडी दरवाजा आहे. माझे आयुष्य लहानसेच आहे; ते सावकाश सांगतो.

मला सुतारमामांनी घडवले. त्यांनी मुरलेले लाकूड निवडले, सांधा बोटाला जाणवू नये अशा फळ्या जुळवल्या आणि मला चौकटीत उभे केले. आज ज्यांना सारे आजोबा म्हणतात, ते घरमालक तेव्हा तरुण होते. त्यांनी मला एका बोटाने ढकलले आणि मी निःशब्द मिटलो. "वा! दार असावं तर असं," ते उद्गारले. ती माझी पहिली स्तुती.

काही वर्षांनी माझा वरचा कोपरा चौकटीला घासू लागला. "हवेनं फुगलंय," असे म्हणून सुतारमामांनी माझ्या माथ्यावर रंधा फिरवला. पुढे पुन्हा घासलो, पुन्हा रंधा फिरला. हा क्रम वर्षानुवर्षे चालला. कोणी पाहुणा आला की आजोबा माझ्याकडे बोट दाखवून "हट्टी दार" म्हणत. चोर सोडून संन्याशाला सुळी, असा तो न्याय होता. परंतु माझी बाजू मांडणार कोण?

मुले दूरगावी स्थिरावली, तेव्हा आजोबांनी घर विकायला काढले. ते पाहण्यास एक तरुण जोडपे आले. त्यांचे हे पहिलेच घर होणार होते. ते भाड्याच्या जागेत वरच्या मजल्यावर राहत. त्या जोडप्यातील मुलाची आई त्यांच्यासोबत असे; गुडघे तिला जिना उतरू देत नसत. खिडकीतून दिसेल तेवढेच जग तिला उरले होते. माझ्या खोलीतून अंगणात पायरीही उतरावी लागत नाही, हे सुनेने पाहताक्षणी हेरले. "ही खोली आईंची," ती म्हणाली.

व्यवहार पक्का करण्यापूर्वी त्यांनी घराच्या पाहणीसाठी एका इंजिनिअर बाईंना बोलावले. बाईंनी छप्पर पाहिले, नळ उघडून पाहिले, गिलाव्यावर टकटक करून पाहिली. मग त्या माझ्यापाशी आल्या आणि माझ्या माथ्यावरून त्यांनी हात फिरवला.

"हे दार एका बाजूला दोन बोटं कमी आहे. इतकं का रंधलंत?"

"फुगतं हो ते. मुलखाचं हट्टी!" आजोबा म्हणाले.

"फुगलेलं दार कोरड्या दिवसांत मोकळं होतं. हे कधी झालं?"

"कधीच नाही. बारा महिने घासतं," आजोबा म्हणाले.

"म्हणजे दार नाही, चौकट सरकतेय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!"

त्यांनी भिंतीलगतचे कपाट हलवायला लावले. मागे जमिनीपासून खिडकीपर्यंत तिरपी भेग गेली होती. घराचा तो कोपरा खचत होता.

आजोबांना हे लागले. "उभा जन्म गेला माझा इथं. एकदा तरी भिंत अंगावर पडली का?"

"ते भिंतीचे उपकार, आजोबा," सून म्हणाली. आजोबांनाही हसू आवरेना.

मुलगा मात्र खचला. "पहिल्याच घासाला खडा! चल, दुसरं घर बघू."

"तिथं खडा नसेल कशावरून? हा निदान दिसला तरी," असे म्हणून ती बाईंकडे वळली. "बाई, हे कशानं झालं? अजून खचतंय का? थांबवता येईल?"

बाईंनी बाहेरची माती खणवली. सांडपाण्याचा पाइप सांध्यात फुटला होता आणि ते पाणी पायाखालची माती हळूहळू नेत होते. आजोबांनी पाइप बदलून पाया भक्कम करून देण्याचे कबूल केले. ते काम झाल्यावर बाईंनी भेगेवर आडव्या अशा काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. "भिंत हलली तर काच तडकेल. पावसाचे दिवस जाऊ द्या. तोवर सही करू नका."

थोड्याच दिवसांत खालची काच तडकली. मुलगा कपाळाला हात लावून बसला. बाईंनी नवी पट्टी लावली. "भरलेली माती एकदा बसतेच. पुन्हा तडकली, तर मीच तुम्हाला सांगेन, घेऊ नका म्हणून."

त्याच काळात दुसरे एक गिऱ्हाईक आले. "काचा काढा, गिलावा मारा, मी उद्याच घेतो. मला कुठं राहायचंय? भाडेकरू ठेवणार."

"आणि त्यांच्या उशाला ही भिंत?" आजोबांनी विचारले. मग मला पुरते उघडून ते म्हणाले, "वाट इकडून आहे." त्या दिवशी मी त्यांच्या हाताला किंचितही अडलो नाही.

पावसाचे दिवस सरले. काच अखंड राहिली. "भिंत वाकडी दिसेल, पण आता जागची हलणार नाही," बाईंनी निर्वाळा दिला, आणि मगच सह्या झाल्या. थकलेले सुतारमामा मुद्दाम येऊन म्हणाले, "पोरी, नवं दार करून देतो. हे माझ्याच हातानं विद्रूप झालंय."

"नको, मामा. हेच बोललं म्हणून तर कळलं."

मित्रांनो, आपण घर घ्याल तेव्हा त्यात दोष निघेल. त्याला भिऊन पळू नका आणि रंगाखाली झाकूही नका. जाणत्याला बोलवा, कारण शोधा, आणि उपाय टिकतो की नाही ते पाहण्याइतका धीर धरा. घासणारे दार, ओलावणारा कोपरा, फुगलेला रंग हे घराचे शब्द आहेत; ते ऐकणे हीच घराची निगा.

सासूबाई राहायला आल्या, त्याच्या दुसऱ्या सकाळी त्या काठी टेकत माझ्यापाशी आल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने मला उघडले. बाहेर अंगणात ऊन पसरले होते. मुलगा धावत आला.

"आई, थांब, हात देतो!"

"हात नको रे," त्या म्हणाल्या. "वाट दे."