कोशाच्या दोन प्रती आणि मी

जुना संगणक आहे मी, मित्रांनो. कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता पार पिवळा पडलो आहे. शब्दकोशाच्या एका छोट्या कचेरीत, खिडकीशेजारच्या टेबलावर माझे सारे आयुष्य गेले.

कचेरी काका-काकूंची. काका शब्दांचे अर्थ सांगत, काकू ते माझ्यात टाइप करत, आणि मध्येच दोघांची जुंपत असे.

"अहो, रुसणं म्हणजे रागावणं नव्हे!" काकू म्हणत.

"मग मी सकाळपासून काय करतोय, ते सांग," काका म्हणत.

त्या हसत, आणि माझ्या पंख्याची घरघर त्या हसण्यात बुडून जाई. पाहुणे आले की काका माझ्याकडे बोट दाखवत, "हा आमचा तिसरा संपादक." मी किती फुलून जात असे!

मग काका आजारी पडले. घरी अंथरुणावर पडल्या पडल्या ते मांडीवरच्या छोट्या संगणकावर कोशाची एक प्रत सुधारत राहिले. इकडे काकू माझ्यातली प्रत वाढवत राहिल्या. पुढे दोन्ही एक करायच्या होत्या. तेवढ्यात काका गेले.

छपाईची वेळ आली. मुलगा म्हणाला, "आई, तुझीच प्रत छापू. एवढं कोण ताडून बघणार?"

"आणि त्यांचं काम टाकून देऊ?" काकूंनी विचारले.

नव्या संगणकावर आमची जुनी अक्षरे नुसते चौकोन होऊन उमटत. म्हणून सूनबाई माझ्यापुढेच बसल्या. काकांची प्रत माझ्यात उतरवून दोन फाइलींतला फरक शोधण्याची आज्ञा त्यांनी काळ्या पडद्यावर टाइप केली. पण त्यासाठी दोन्ही प्रती एकाच वेळी ध्यानात धराव्या लागतात, आणि माझी मेमरी तुटपुंजी! बराच वेळ धापा टाकून मी लिहिले : मेमरी संपली.

"याच्याच्यानं नाही व्हायचं," मुलगा म्हणाला. मला ते फार लागले.

सूनबाईंनी बाकीचे सगळे प्रोग्राम बंद केले. तरी मी कोलमडलोच. मग त्यांनी ओळी मोजून दोन्ही प्रतींचे सारखे तुकडे पाडले. आता मी दमलो नाही, पण भलताच घोळ झाला. काकूंनी मध्ये मध्ये नवे शब्द घातल्यामुळे पुढच्या ओळी खाली सरकल्या होत्या. एकच शब्द इकडे एका तुकड्यात, तिकडे दुसऱ्यात. मी सगळेच वेगळे म्हणून दाखवू लागलो.

"अगं, ओळी नको मोजूस," काकू म्हणाल्या. "अक्षरावर तोड. 'अ'चे शब्द 'अ'शी, 'क'चे 'क'शी."

"खरंच की, आई!"

आणि जमले! एकेका अक्षराचे ओझे मला सहज पेलले.

कोश छापून झाला. आता मी कोपऱ्यात, चादरीखाली असतो. मित्रांनो, एखादा थकून थांबला, तर त्याला मोडीत काढण्याआधी त्याचे ओझे थोडे थोडे करून बघा. एवढेच मागणे.

पण मला राहून राहून आठवते ती 'उ' अक्षराची दुपार. पडद्यावर 'उगीच' हा शब्द आला. काकूंच्या प्रतीत अर्थ होता, 'विनाकारण'. काकांनी तो खोडून लिहिले होते, 'कारण असते, पण सांगायचे नसते, तेव्हा.'

काकूंनी पडद्यावर बोट ठेवून तो अर्थ पुन्हा वाचला.

"यांचाच ठेव," त्या म्हणाल्या.

"आई, रडताय का?"

पदराने डोळे टिपत काकू म्हणाल्या, "उगीच."