नव्या हँडलला जुनीच केबल

मी एक जुनं हँडल आहे. बोटीच्या इंजिनाला रेस द्यायचं हँडल. मित्रांनो, हँडल म्हणजे काय एवढं मोठं, असं म्हणून नाक मुरडू नका. मला पुढं ढकललं की बोट पुढं जाते, मागं ओढलं की मागं, मधे उभं केलं की इंजिन नुसतं गुरगुरतं. माझ्या पोटातून एक केबल निघते आणि थेट मागच्या इंजिनापर्यंत जाते. हात माझ्यावर पडतो, पण रेस कमीजास्त करते ती केबल. हे नीट ध्यानात ठेवा. आमच्या गावातल्या मोठ्या माणसांच्या ध्यानात ते राहिलं नाही.

कारखान्यात मला घडवलं, ग्रीस चोपडलं, घट्ट बंद केलं. मग पुरासाठी मिळालेल्या बोटीबरोबर मी भीमेकाठी आलो. अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. पूर नसेल तेव्हा फुलं तोडायला जाणाऱ्या बायांना मी या काठावरून त्या काठाला नेलं. गावानं माझं फार कौतुक केलं, आणि त्या कौतुकानंच माझा घात केला.

खंडेनवमीला गावात ट्रॅक्टरची, पाण्याच्या मोटारींची, पिठाच्या गिरणीची पूजा होते. तशी बोटीचीही झाली. बोट समितीचे अध्यक्ष सावळाराम आप्पा नारळ घेऊन चढले. इंजिनावर फोडला तर इंजिन महागाचं. बोटीवर फोडला तर फायबर तडकेल. मग राहिलो मी! दरवर्षी माझ्या डोक्यावर नारळ फुटायचा. पाणी फटीतून आत, हळदकुंकू त्याच्या मागोमाग. हार घालणारे पुष्कळ होते. तेलाचा थेंब घालणारा एकही नाही.

आत केबल गंजू लागली. बोट चालवणाऱ्या रोहिदासच्या हाताला ते लगेच कळलं.

"आप्पा, रेस चिकटतीया. केबल बदलाया पायजे."

"बोट पळतीय न्हवं?"

"पळतीय. थांबत न्हाई."

"मग चांगलंच हाय की! थांबून कुणाचं भलं झालंय?"

समिती पोट धरून हसली. रोहिदास पुन्हा पुन्हा सांगत राहिला. शेवटी समितीनं काय केलं, ऐका. मला निळा रंग दिला.

मग एका पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सुटलं. पाणी सुटलं की नदीकाठच्या गावात एकच धांदल उडते. काठावरच्या पाण्याच्या मोटारी बुडायच्या आत वर ओढाव्या लागतात. सगळं गाव दोर घेऊन मोटारींना लटकलं होतं, आणि म्हातारे दगडोबा आबा नदीतल्या बेटावर शेळ्यांमागं गेले ते तिथंच अडकले. पाणी त्यांच्या गुडघ्याला आलं.

बोटीत बसायला माणूस मिळेना. रोहिदासबरोबर त्याची बायको सुवर्णा चढली.

निम्म्या नदीत रोहिदासनं मला पुढं रेटलं. बोट उसळली. बेटावरच्या बाभळी दिसू लागल्या तसं त्यानं मला मागं ओढलं. मी आलो. रेस काही उतरली नाही! इंजिन तसंच बोंबलत होतं, आणि बाभळींचे बुंधे समोरून धावून येत होते. रोहिदासनं इंजिन बंद करायची लाल दोरी हिसकली. इंजिन थांबलं, पण आता धारेनं बोट उचलली आणि खाली ओढायला लागली.

"इंजिनाचं झाकण काढ! केबलीचं टोक सोडव, आन् ती रेसची पट्टी हातानं वड!" रोहिदास सुवर्णाला ओरडला.

"माझी बोटं अडकली तर?"

"हळू वड. मी सांगतो तसं."

तिनं केबल सोडवली, इंजिन पुन्हा चालू झालं. "वाढव! आता कमी! कमी म्हणतोय न्हवं!"

"वरडू नगा! कळतंय मला!"

तशी त्या बाईनं बोट बेटाला लावली. आबा चढले, शेळ्याही चढल्या. मी पुढं नुसता मिरवत होतो. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

पूर ओसरल्यावर दौंडच्या संपत मेकॅनिकनं मला उघडलं, धुतलं, ग्रीस भरलं. "हँडल ठणठणीत हाय," तो म्हणाला, "केबल सडलीय. तेवढी बदला."

रोहिदास मला पोत्यात घालून परत आला, तोवर समितीनं नवं चकचकीत हँडल बसवलंही होतं. जुन्याच केबलीला! कारण हँडल फोटोत दिसतं, केबल दिसत नाही. काठावर मांडव, खुर्च्या, फीत. दगडोबा आबांचा सत्कारही ठेवलेला. आबा मात्र मांडवात आलेच नाहीत. ते जाऊन बोटीत बसले.

"आबा, उतरा. फोटोवाला खोळंबलाय," आप्पा म्हणाले.

"केबल बदलली का?"

"नवं हँडल बसवलंय की!"

"हँडलानं न्हाई आणलं मला. ह्या पोरीच्या बोटांनी आणलं. केबल आणा, मग उतरतो."

"आवं, पाव्हणं आल्यात..."

"त्यांस्नी बी बसवा हितं. मधे नदीत सोडू, मंग कळंल."

कुणी हसलं नाही. सुवर्णा पदर खोचून आबांच्या शेजारी जाऊन बसली. रोहिदासनं चावी खिशात टाकली. आप्पांनी इकडं तिकडं पाहिलं आणि तोंड वाकडं करून केबल आणायला स्वतःची गाडी दौंडला पिटाळली.

मित्रांनो, मी अजून पोत्यातच आहे. माझ्यात काही बिघाड नाही, तरी मी भंगारात जाणार. त्याचं दुःख आहे, पण राग त्याहून मोठा आहे. तुम्ही यंत्राला हार घालता. घाला. पण त्याआधी त्याचं पोट उघडून बघा, आणि जो रोज ते हातात धरतो त्याचं ऐका. आणि तुमच्या गावात कुणी म्हातारा असा हटून बसला, तर त्याला उठवायला जाऊ नका. आधी केबल आणा.