नितळबाबांच्या सळया

वस्तीच्या नळापाशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर दोन ग्लास होते. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात नितळबाबांनी मंतरलेलं. बाबांनी डोळे मिटून नळाच्या पाण्यात दोन सळया बुडवल्या. बघता बघता पाणी तपकिरी झालं, वर गाळाचा तवंग आला.

"हे जातंय तुमच्या पोटात, माउल्यांनो!" बाबा गरजले. "पाण्यातलं पाप! माझी सळई त्याला कान धरून बाहेर काढते."

त्याच सळया मंतरलेल्या पाण्यात गेल्या. पाणी जसंच्या तसं.

"याचा एक थेंब हंड्यात टाका. उकळायची कटकट नाही. गॅस वाचवा, पुण्य मिळवा!"

गर्दीत उभ्या असलेल्या नर्सच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच थेंबांच्या भरवशावर तिच्या वहिनीने पाणी उकळणं सोडलं होतं, आणि वहिनीची चिमुरडी आता जुलाबांनी निपचित होऊन दवाखान्यात सलाइनवर होती.

त्यातून या सळया नर्सने आधी पाहिल्या होत्या. समोरच्या टॉवरमध्ये एका आजोबांना इंजेक्शन द्यायला ती गेली, तेव्हा हाच माणूस दिवाणखान्यात टाय लावून बसला होता. तिथे तो बाबा नव्हता, 'वॉटर कन्सल्टंट' होता. पापाला 'टॉक्सिन' म्हणत होता आणि थेंबांऐवजी भलंमोठं मशीन गळ्यात मारत होता. टॉवरला दिवसभर पाणी, वस्तीला जेमतेम तासभर. फसण्यात मात्र दोघांचा वाटा सारखा.

नर्सने शेजारणीकडून चिमूटभर मीठ आणलं आणि मंतरलेल्या ग्लासात टाकलं.

"पोरी, कोप होईल!" बाबा ओरडले.

"मिठाने? मग रोज भाजी खाता कशी?" असं म्हणत तिनेच सळया बुडवल्या.

मंतरलेलं पाणीही गढूळलं आणि तपकिरी झालं. तिने टेबलावरचं रेशमी कापड ओढलं. खाली बॅटरी, तिच्या तारा थेट सळयांना जोडलेल्या!

"ही सळई लोखंडाची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड गंजतं. हा गाळ पाण्याचा नाही, सळईचा. बाबांचं पाणी म्हणजे बॅटरीत घालतात ते, बिनक्षारांचं. त्यातून वीज जातच नव्हती, मीठ पडलं तशी गेली."

बाबांना एकाएकी समाधीची वेळ आठवली. पण बायकांनी वाट अडवली होती.

"म्हणजे आपलं पाणी चांगलंच की!" कुणीतरी म्हणालं.

"मुळीच नाही! आपला पाइप गटारातून येतो आणि तो फुटलाय. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, सळईला तर नाहीच नाही. पाइप बदलेपर्यंत पाणी उकळूनच प्या. आणि चमत्कार कसले मागता? चांगलं पाणी मागा, तो आपला हक्क आहे."

चिमुरडी सावरली, घरी आली. मग एका सकाळी तीच गर्दी पाणीखात्याच्या कचेरीत शिरली. सर्वांत पुढे वहिनी, हातात नळाच्या पाण्याने भरलेला ग्लास.

साहेब दचकले. "एवढी माणसं? कुणी बाबा आलेत की काय?"

"बाबा गेले, साहेब," वहिनीने ग्लास टेबलावर ठेवला. "आता तुमची पाळी. प्या."