न वाजलेली धून

पारितोषिक सोहळ्यात पाकीट फुटेपर्यंत विजेता कुणालाच ठाऊक नसतो, वाद्यवृंदालाही नाही. म्हणून जितकी नामांकनं तितक्या धुना लिहून ठेवायच्या. नाव पुकारलं की त्याची वाजवायची, बाकीच्या तशाच गुंडाळायच्या. टीव्हीसमोर बसलेल्याला वाटतं, वा, काय वेळेवर वाजवलं! उरलेल्या धुनांची त्या बिचाऱ्याला गंधवार्ताही नसते.

भाचीला मात्र ती असायला हवी होती. ज्या मामाने जन्मभर या धुना लिहिल्या, त्याच्याच घरात ती लहानाची मोठी झाली. पुढे वाहिनीने जुन्या सोहळ्यांतल्या धुनांची हस्तलिखितं लावून ठेवायचं काम तिच्याकडे दिलं. खोली खोक्यांनी तुडुंब आणि साहेब घोड्यावर बसलेले. मग तिने शक्कल लढवली. सोहळ्याची चित्रफीत लावायची, ऐकू येईल ते ठेवायचं, ऐकू येणार नाही ते जादा समजून रद्दीत. काम झपाट्याने उरकलं. साहेबांनी पाठ थोपटली तेव्हा बाईसाहेब फुशारल्याही होत्या.

मग एका दुपारी मामा मामीला घेऊन आला. मामी एके काळची नटी. तिला नामांकन एकदाच मिळालं, आणि पारितोषिक दुसरीच घेऊन गेली.

"हिची धून काढ गं," मामा खुर्चीत टेकत म्हणाला. "इतकी वर्षं ऐकवली नाही हिला. म्हटलं, जखमेवर मीठ कशाला चोळा. आता वाद्यवृंद जुन्या धुनांचा कार्यक्रम करतोय ना, त्यात हिचीच पहिली घ्यायला लावतो."

मामीने ठेवणीतली साडी नेसली होती. धून नाही हे माहीत असूनही भाचीने त्या वर्षाचं खोकं उतरवलं आणि उगाचच कागद उलटेपालटे केले. जिंकलेल्या नटीची धून तेवढी होती, मामाच्या तिरक्या अक्षरात, प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली.

"मामा, ती आमच्याकडे आलीच नाही रे. तुझ्याकडेच राहिली असेल."

बोलून गेली आणि तिला स्वतःचीच किळस आली. हल्ली मामा चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधायचा. त्याच्या गळ्यात काहीही मारलं तरी खपणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"असेल बाई," तो ओशाळून म्हणाला. "माझ्या डोक्याचा आता काय भरवसा."

"मग गुणगुणून तरी दाखवा," मामी म्हणाली.

मामाने डोळे मिटले. बोटं टेबलावर हलली आणि तो गुणगुणू लागला. सूर अजून गोड होता. मामी हसत ऐकत होती, पण हळूहळू तिचं हसू विरलं.

"ही तिची," ती म्हणाली. "ही वाजत होती तेव्हा मी सभागृहात टाळ्या वाजवत होते."

मामा थांबला. आठवू लागला, पण काही केल्या सापडेना.

"माझी लिहिलीच नव्हती ना तुम्ही? तुम्हालाही खात्रीच होती, ही काही जिंकत नाही."

आता मात्र भाचीला राहवेना. "लिहिली होती, मामी! मीच घातली रद्दीत. वाजली नाही म्हणून टाकून दिली. त्याचा काही दोष नाही, खोटं बोलले मी."

मामीने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. "तू लहान असताना यांनी कप फोडला तरी आळ तूच घ्यायचीस. गुणाची माझी पोर."

"मामी, शपथ घेऊन सांगते—"

"शपथा नकोत. पुरे आता."

भाचीने आशेने मामाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने तिचा हात घट्ट दाबला.

"माझ्यासाठी खोटं नको बोलूस बाळा," तो म्हणाला. मग मामीकडे वळून, मान खाली घालून म्हणाला, "नाहीच लिहिली मी. चुकलं माझं."