चिठ्ठीतला दुसरा आजार

अक्कलकुव्याच्या दवाखान्यात डॉक्टर बदलत; कंपाउंडर इद्रिस मात्र तोच. छत्तीस साली आलेले डॉक्टर मद्रासकडचे. त्यांना इथली बोली येईना, रोग्यांना त्यांची इंग्रजी कळेना. मधे इद्रिस. साहेब रोगाचं जे नाव घेत ते तो आधी ठसक्यात म्हणून दाखवी, मग त्याचा अर्थ सांगी. लोकांनाही बरं वाटे. एवढ्या भारी नावाच्या दुखण्यावर औषध असणारच, असा त्यांचा भोळा समज. इद्रिसला या मोठेपणाची चटक लागली होती, हे कशाला लपवा?

त्याची लेक साबिरा जन्मापासून डाव्या पायाने अधू. पाऊल आत वळलेलं. गाव तिला लंगडी म्हणे, बाप म्हणे, "टॅलिपिस." पण भारी नावाने पाय सरळ होत नसतो. पाच स्थळं आली, पोरीला अंगणात चालायला लावून, चहा पिऊन गेली. सहावे आले शहाद्याचे जब्बार पिंजारी, आपल्या मुलासाठी, मुनव्वरसाठी. त्यांनी तिला चालायला लावलंच नाही.

"पाय माले दिसस," ते म्हणाले. "मन्हा मुनव्वरले चालस. फक्त नातवंडंसले असं व्हई का, इतलं डाक्टरले इचारा, इद्रिसभाई. चिठ्ठी आना."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय पाहिला. पोरांना असं होईल अशी धास्ती नको, म्हणाले. मग सवयीने त्यांनी नळी छातीला लावली आणि ती उचलेचनात. साबिराला डाव्या कुशीवर वळवून पुन्हा ऐकलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? आला होता, नवव्या वर्षी, चांगला दीड महिना.

"मायट्रल स्टेनोसिस," डॉक्टर इंग्रजीत इद्रिसला सांगू लागले. हृदयातली एक झडप आखडली आहे, रक्ताला वाट पुरत नाही. यावर इलाज नाही. लग्न केलंत तरी मूल नको, गरोदरपण तिला झेपणार नाही. मुलाकडच्यांना हे सांगा. त्यांनी चिठ्ठीवर दोन्ही आजार लिहून दिले.

"अब्बा, छातीमा काय निंघनं?" बाहेर आल्यावर साबिराने विचारलं.

"सर्दी शे," इद्रिस म्हणाला.

बाजाराच्या दिवशी जब्बारभाई आले. इद्रिसने चिठ्ठी उलगडली. पाय साऱ्या गावाला दिसतो, झडप कुणाला दिसणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. हेही स्थळ परतलं तर पोर घरातच म्हातारी व्हायची. आणि डॉक्टर काय खुदा आहेत? चुकतातही. यातलं एकही कारण त्याला मनातून पटत नव्हतं, तरी त्याने मोठ्याने वाचलं, "टॅलिपिस. मायट्रल स्टेनोसिस. दोन्ही पायनाच नावं शेतस, जब्बारभाई. नातवंडंसले काही व्हवाव नही."

जब्बारभाईंनी गुळाचा खडा मागून घेतला आणि तिथल्या तिथे तोंड गोड केलं.

पुढच्या वर्षी सातव्या महिन्यात साबिरा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिची आई मेहरुन्निसा लेकीचं पोट बघून हरखली. इद्रिस तिच्या मानेवरच्या फुगलेल्या शिरा बघत होता. तिला उताणं झोपता येत नव्हतं. उंबऱ्यापर्यंत जाऊन आली तरी धाप लागे. आईला वाटे, पहिलटकरीण आहे, व्हायचंच. इद्रिसला सगळं कळत होतं आणि बोलायची लाज वाटत होती. अशी लाज की जीव गेला तरी चालेल, पण तोंड उघडायचं नाही.

नवव्या दिवशी तिच्या तोंडाला गुलाबी फेस आला. खाटेवर घालून तिला दवाखान्यात नेलं. शहाद्याला सांगावा गेला होता, जब्बारभाई धावत आले. डॉक्टरांनी तिला टेकून बसवलं, सुया दिल्या. दुपार कलायच्या आत साबिरा गेली. मूलही गेलं.

डॉक्टर बाहेर आले ते लालबुंद होऊन. "तू यांना सांगितलं होतंस?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"सांगितलं होतं, साहेब," इद्रिस म्हणाला. ते वाक्य त्याच्या तोंडून आपसूक गेलं.

डॉक्टर जब्बारभाईंवर उलटले. "सांग या माणसाला! माहीत असून पोरीचा जीव घेतला म्हणावं!"

"साहेब काय म्हनतस?" जब्बारभाईंनी भेदरून इद्रिसला विचारलं.

वीस वर्षांत इद्रिसने कितीतरी साहेबांचं बोलणं लोकांपर्यंत पोचवलं होतं. हे मात्र त्याला जसंच्या तसं पोचवता येईना. शेवटी तो म्हणाला, "साहेब म्हनतस, तिले तिना बापनीच मारं. जानीबुजीसन मारं."

जब्बारभाईंचा पारा चढला. डॉक्टरांकडे पाठ फिरवून त्यांनी इद्रिसचे दोन्ही हात धरले.

"त्याले काय समजस? परका मानूस! आम्हीनच तिले जपी शकनूत नही, इद्रिसभाई. माले माफ करा."

इद्रिसला पुढचं बोलायचं होतं, पण त्याला हुंदका आवरेना. जब्बारभाई त्याला जवळ घेऊन त्याची पाठ थोपटत राहिले.