कासव येण्याआधी

"कासव पाळणं म्हणजे काळाशी केलेला करार असतो," सी शादली गंभीरपणे म्हणाला. म्हणताना तो अंगणात ओणवा होता आणि त्याचं डोकं पुदिन्याच्या दोन कुंड्यांमध्ये अडकलं होतं.

मी त्याचा शेजारी; 'सी' म्हणजे आमच्याकडचं 'राव'. मी एक कुंडी सरकवली आणि करार सुटला.

समुद्रकाठच्या बिझर्त गावच्या पोस्टात पार्सलच्या खिडकीमागे त्याची हयात गेली. दोरी सैल आहे, कागद पातळ आहे, उद्या या. अर्धं गाव त्याला एवढ्यावरूनच ओळखायचं. तो निवृत्त झाला आणि बायकोला, मन्नूबियाला, अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं गेलं. मान झुकली ती झुकलीच. अंगणाच्या दाराजवळच्या खुर्चीत बसवलं की तिला दिसायची फरशी, स्वतःची पावलं आणि फार तर मांजराची शेपटी. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं शादलीच करायचा. "थकलास का रे?" असं मी एकदा विचारलं. "बसायला मिळालं की सांगतो," म्हणाला.

डॉक्टर म्हणाले होते, तिच्या नजरेपुढे काहीतरी हलतं ठेवा. मन लागलं तर कदाचित बोलेलही. टीव्ही फार उंचावर. मांजर फार घाईत. राहता राहिलं कासव.

कासवं होती दोजाकडे. दोजा म्हणजे शादलीची थोरली बहीण. तिच्या बागेत दरवर्षी पिल्लं निघायची, पण ती ऊठसूट कुणाला देणारी नव्हती.

"तयारी बघितल्याशिवाय त्याचं नखसुद्धा मिळायचं नाही," तिने बजावलं. "तुझ्या घरात निवडुंग मेला होता, शादली. निवडुंग!"

"पाणी जास्त झालं होतं त्याला, लेल्ला," थोरल्या बहिणीला मान देत तो म्हणाला.

"मग? जीव घ्यायचा तो घेतलासच ना!"

पहिल्या पाहणीला ती काठी घेऊन आली. "ही फरशी? पाय फाकतील बिचार्‍याचे. माती कुठाय? आणि ही कण्हेर कशाला, विष घालायचंय त्याला? भिंतीखालून उकरून जाईल ते, मग बस बोंबलत."

शादलीने अर्ध्या अंगणाची फरशी उखडली. कण्हेर उपटली. भिंतीच्या कडेने हातभर खोल दगड पुरले. पाण्यासाठी उथळ ताटली आणली, समुद्रावरून माकूळ माशाची पांढरी हाडं वेचून आणली. कवच बळकट व्हायला ती कुरतडायला लागतात म्हणे. लोकांची पार्सलं परत करणार्‍या माणसाचं अंगण बहिणीने दोनदा परत केलं.

"उभ्याने बघतोस म्हणून तुला दिसत नाही," ती दुसर्‍या पाहणीत म्हणाली. "कासवाच्या डोळ्यांनी बघ. हो खाली."

"या वयात?"

"कासवाला कधी वय विचारलंयस?"

तो खाली झाला. त्यानंतर मन्नूबियाला खुर्चीत बसवलं की रोज सकाळी तो अंगणभर रांगू लागला. ऊन कुठून कुठे सरकतं, फट कुठे राहिलीय, ताटलीचा काठ आड येतो का, ते बघत. मी गच्चीवरून विचारायचो, "आज कुठवर मजल?"

"लिंबाच्या झाडापर्यंत. घाई काय आहे?"

एका सकाळी ताटलीची खोली बघताना त्याच्या नाकात पाणी गेलं आणि तो इतक्या जोरात शिंकला की टोपी ताटलीत पडली. तेवढ्यात दाराकडून एक बारीक, चिरका आवाज आला. आम्ही दोघांनी मांजराकडे पाहिलं.

"सर्दी झालीय त्याला," शादली म्हणाला आणि पुढे सरकला.

सप्टेंबरच्या अखेरीस दोजा टोपली घेऊन आली. "घे. दोरी नीट आवळलीय का बघून घे, साहेब."

शादलीने इस्त्रीचा सदरा घातला होता. त्याने कासव मन्नूबियाच्या पावलांपुढे मातीत ठेवलं आणि गुडघे झटकून बाजूला ताठ उभा राहिला. कासवाने मान बाहेर काढली, चार पावलं टाकली, एक पान खाल्लं. कुठे काही खोट काढायला जागा नव्हती.

"बघ मन्नूबिया. तुझ्यासाठी आणलंय."

ती बघत होती. मग तिचे ओठ हलले. किती महिन्यांनी, कोण जाणे.

"हे... लहान आहे," ती म्हणाली. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा. तिची नजर मातीवरून इकडून तिकडे फिरली, लिंबापर्यंत गेली, परत आली.

"मोठं... कुठं गेलं?"

दोजाने शादलीच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

शादलीने सदर्‍याच्या बाह्या दुमडल्या. विजार गुडघ्यांवर जराशी वर ओढली. मातीत हात टेकले आणि खाली झाला.

नोव्हेंबरात थंडी पडली तशी लहान कासव माती उकरून आत जाऊन झोपलं. आता मार्चपर्यंत उठायचं नाही. मोठं रोज सकाळी गुडघ्यांना मलम चोळून बाहेर येतं.